सीएनजी बाईकचा सिलिंडर, ३३४ बार दाब आणि एक ग्लास पाणी: टेस्टिंगचा पंप छोटाच का हवा?

५ जुलै २०२४ ला पुण्यात बजाजची फ्रीडम १२५ लाँच झाली. कंपनीच्या म्हणण्यानुसार जगातली पहिली सीएनजी मोटरसायकल. नितीन गडकरी कार्यक्रमाला होते, आणि नंतर आठवडाभर यूट्यूबवर सगळीकडे तीच बाईक. एक किलोत किती किलोमीटर, सीट किती लांब, सिलिंडर कुठे लपवलाय, पेट्रोलची टाकी किती लिटरची, सगळ्यावर व्हिडिओ आले.

एका गोष्टीवर मात्र फारसं कोणी बोललं नाही. गाडीवरच्या सीएनजी सिलिंडरची दर ३ वर्षांनी हायड्रोटेस्ट करावी लागते. रिक्षा, कार, टेम्पो सगळ्यांना हा नियम आहे आणि बाईक त्यातून सुटलेली नाही. म्हणजे पहिल्या बॅचच्या गाड्यांचा नंबर २०२७ मध्ये लागणार. तारीख गाडी घेतल्यापासून धरायची नाही, सिलिंडरवर कोरलेल्या चाचणीच्या महिन्यापासून मोजायची. त्यामुळे काहींचा नंबर जुलैच्या आधीच येईल.

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? कारचे सिलिंडर रोज टेस्ट होतात, बाईकचेही होतील. मीही तसंच समजत होतो. माझी डिग्री कॉम्प्युटरची, नोकरी सॉफ्टवेअरची; पंपाशी माझा संबंध सोसायटीच्या टाकीपुरता. पण थोडा हिशोब करून पाहिला तेव्हा लक्षात आलं की कारच्या सिलिंडरसाठी अगदी योग्य असलेला पंप बाईकच्या सिलिंडरला जसाच्या तसा लावला, तर चाचणीच बिघडू शकते. ती नापास झाली असती तर निदान कळलं तरी असतं. इथे ती चुकीची पास होते. हा लेख त्याबद्दल आहे.

आधी दाबाचा अंदाज घेऊ

दाबाचे आकडे नुसते ऐकून काही कळत नाही, म्हणून रोजच्या गोष्टींपासून सुरुवात करू.

- प्रेशर कुकरची शिट्टी होते तेव्हा आत बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १ बार जास्त दाब असतो.
- कारच्या टायरमध्ये २ ते सव्वादोन बार.
- दहा मजली इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीमुळे तळमजल्याच्या नळाला साधारण ३ बार.
- सीएनजी सिलिंडर पूर्ण भरला की आत २०० बार.

चाचणी यापेक्षाही वर जाते. आपल्याकडच्या स्टीलच्या सिलिंडरला साधारणपणे कामाच्या दाबाच्या पाच तृतीयांश पट दाब देऊन तपासतात. २०० गुणिले ५ भागिले ३, म्हणजे सुमारे ३३४ बार. तुमच्या सिलिंडरचा नेमका आकडा त्याच्या खांद्यावर कोरलेला असतो, आणि शेवटी तोच धरायचा.

३३४ बार म्हणजे किती? जून २०२३ मध्ये टायटॅनिक बघायला निघालेली टायटन पाणबुडी चिरडली गेली आणि आतले पाचही जण गेले, ती बातमी आठवत असेल. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या अहवालानुसार ती साधारण ३,३४६ मीटर खोलीवर फुटली. तिथे पाण्याचा दाब होता सुमारे ३४० बार. तुमच्या सीटखालच्या सिलिंडरची चाचणी जवळपास त्याच दाबाला होते. फरक इतकाच की पाणबुडीला दाब बाहेरून असतो आणि सिलिंडरला आतून.

पाणीच का? हवा का नाही?

कारण पाणी जवळजवळ दाबलं जात नाही. हवा दाबली की स्प्रिंगसारखी ऊर्जा साठवून ठेवते. पाणी अगदी थोडी साठवतं.

मी १२.५ लिटरचा सिलिंडर धरून ढोबळ हिशोब केला. बाईकमध्ये २ किलो गॅस मावतो, त्यासाठी साधारण एवढीच जागा लागते. ३३४ बारला तो हवेने भरला आणि फुटला, तर सुटणारी ऊर्जा ५० किलोचं सिमेंटचं पोतं पावणेदोन किलोमीटर वर उचलायला पुरेल. कळसूबाई शिखराची उंची १,६४६ मीटर आहे. म्हणजे पोतं कळसूबाईच्याही वर जाईल.

तोच सिलिंडर पाण्याने भरलेला असेल तर? तेच पोतं साधारण ९ मीटर, म्हणजे तीन मजले. जवळपास २०० पटींचा फरक आहे.

पण तीन मजलेही कमी नाहीत. ‘पाणीच तर आहे, काय होतंय’ असं म्हणून उघड्यावर चाचणी करणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. शिवाय ३०० बारला होज पाइपला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तरी तिथून निघणारी धार कातडीतून आत घुसते. जखम वरून टाचणी टोचल्यासारखी दिसते आणि आत हात खराब झालेला असतो. म्हणून गळती कुठे आहे हे बोट लावून कधीच शोधायचं नाही.

चाचणीत नेमकं काय बघतात?

बऱ्याच जणांना वाटतं की दाब द्यायचा आणि फुटला नाही तर पास. तसं नाही. सिलिंडर फुगतो किती आणि परत मूळ आकारावर येतो का, हे मोजायचं असतं.

पद्धत अशी: सिलिंडर गाडीवरून काढतात, गॅस पूर्ण सोडतात, व्हॉल्व्ह काढून आतून-बाहेरून गंज, खड्डे, ओरखडे बघतात. मग तो पाण्याने भरून दुसऱ्या एका मोठ्या, पाण्याने काठोकाठ भरलेल्या बंद टाकीत ठेवतात. या टाकीला वॉटर जॅकेट म्हणतात. आतल्या सिलिंडरला दाब दिला की तो किंचित फुगतो आणि तेवढंच पाणी बाहेरच्या टाकीतून मोजनळीत चढतं. हे झालं एकूण प्रसरण. चाचणीचा दाब किमान ३० सेकंद धरून ठेवतात. मग दाब सोडतात. पाणी परत खाली यायला हवं. जेवढं खाली येत नाही, तेवढं कायमचं प्रसरण.

चांगलं रबर ताणून सोडलं की परत जागेवर येतं, थकलेलं रबर थोडं लांबच राहतं. स्टीलचंही तसंच आहे. कायमचं प्रसरण एकूण प्रसरणाच्या ठरावीक टक्क्यांपेक्षा जास्त निघालं की सिलिंडर बाद. ही मर्यादा मानकानुसार साधारण ५ ते १० टक्के असते.

आता एक मुद्दा नीट लक्षात घ्या, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कायमचं प्रसरण बहुतेक पहिल्याच वेळी होतं. समजा मोजणी सुरू करायच्या आधीच चुकून सिलिंडरला ३३४ च्या वर, ४०० बार दाब बसला. जे ताणलं जायचं ते तेव्हाच ताणलं गेलं. मग दाब सोडून, काटा शून्यावर आणून ‘खरी’ चाचणी केली, तर सिलिंडर अगदी शहाण्यासारखा परत जागेवर येतो. आकडा छान आणि शिक्का पास. प्रत्यक्षात मात्र तो सिलिंडर आधीपेक्षा कमजोर झालेला असू शकतो.

आमच्या कामात याला फॉल्स पास म्हणतात: टेस्ट हिरवी दिसते, पण बग तसाच असतो. फरक एवढाच की आमचं अ‍ॅप क्रॅश झालं तर लोक रेटिंग कमी देतात, इथे सिलिंडर सीटखाली असतो.

एक ग्लास पाण्याचं गणित

चाचणीला पंपाने किती पाणी आत ढकलायचं असतं? सिलिंडर आधीच भरलेला आहे. पंपाने फक्त दोन कारणांसाठी जास्तीचं पाणी घालायचं: पाणी थोडं दाबलं जातं म्हणून, आणि सिलिंडर थोडा फुगतो म्हणून.

३३४ बारला पाण्याचं आकारमान साधारण दीड टक्क्याने कमी होतं. १२.५ लिटरवर ते झालं सुमारे १९० मिली. स्टीलचं फुगणं धरून आणखी सुमारे ७० मिली. एकूण २६० मिली, म्हणजे पाहुण्यांना देतो तेवढं एक ग्लास पाणी. बस्स. शून्यापासून ३३४ बारपर्यंतचा सगळा प्रवास या एका ग्लासात होतो.

उलट बाजूने बघितलं तर प्रत्येक १ मिली पाण्यामागे दाब साधारण १.३ बारने वाढतो. चहाच्या चमचाभर म्हणजे ५ मिली पाणी जास्त गेलं की दाब साडेसहा बार वर.

कारच्या ६० लिटरच्या सिलिंडरला हाच हिशोब लावला तर सुमारे सव्वा लिटर पाणी लागतं. जवळपास पाचपट. म्हणजे तिथे तोच चमचा दाब फक्त सव्वा ते दीड बारने वाढवतो.

आता पंपाचा वेग यात घालू. समजा ऑपरेटरची नजर काट्यावर आहे आणि ३३४ दिसल्यावर बटण बंद करायला त्याला अर्धा सेकंद लागतो. माणसासाठी हा वेळ काही वाईट नाही. १२.५ लिटरच्या सिलिंडरवर काय होईल ते बघा:

- मिनिटाला १० लिटरचा पंप: पूर्ण दाब दीड-पावणेदोन सेकंदात. अर्ध्या सेकंदात दाब आणखी १०७ बार वर, म्हणजे ४४० च्या पुढे.
- मिनिटाला २ लिटरचा पंप: पूर्ण दाब ८ सेकंदांत. चूक सुमारे २१ बार.
- मिनिटाला अर्धा लिटरचा पंप: पूर्ण दाब अर्ध्या मिनिटात. चूक ५ बार.
- मिनिटाला पाव लिटरचा पंप: पूर्ण दाब एका मिनिटात. चूक पावणेतीन बार.

यातला २ लिटरचा पंप कारच्या ६० लिटरच्या सिलिंडरवर लावा. पूर्ण दाब ३७ सेकंदांत, चूक साडेचार बार. एकदम ठीक. म्हणजे आज कारसाठी नीट चालणारं सेंटर, काहीही न बदलता, उद्या बाईकचा सिलिंडर लावेल तेव्हा त्याची चूक पाचपट होईल. पंप, माणूस, काटा सगळं तेच, फक्त भांडं लहान झालं.

हा प्रश्न बाईकपुरता नाही. मालवण-तारकर्लीला स्कुबा डायव्हिंग केलं असेल तर पाठीवर जो सिलिंडर होता तोही ११-१२ लिटरचा आणि २०० बारच्या आसपासचा. अ‍ॅम्ब्युलन्समधला ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर साधारण १० लिटरचा. भांडं लहान, दाब मोठा: सगळीकडे हेच गणित.

मग पंप कोणता?

*विहिरीवरची मोटर किंवा घरचा मोनोब्लॉक.* हे पंप पंखा फिरवून पाणी फेकतात. त्यांची ताकद आपण ‘हेड’ मध्ये मोजतो. ३० मीटर हेड म्हणजे ३ बार. ३३४ बारला ३,३०० मीटरपेक्षा जास्त हेड लागेल. विषय संपला. सिलिंडर आधी पटकन पाण्याने भरायला मात्र हाच पंप चांगला.

*कार वॉशचा प्रेशर वॉशर.* ‘प्रेशर’ नाव आहे आणि ऑनलाइन स्वस्तात मिळतो, म्हणून बरेच जुगाडू व्हिडिओ याच्यावर दिसतात. घरगुती मशीन १००-१५० बारला थांबतं आणि मिनिटाला सहा-सात लिटर फेकतं. म्हणजे दाब हवा त्याच्या निम्म्याहून कमी आणि प्रवाह हवा त्याच्या दहापट. आपल्याला बरोबर उलटं हवंय.

*हातपंप.* जुना आणि साधा, पण छोट्या भांड्यासाठी अजूनही चांगला. इथे निवड दांड्याच्या जाडीची असते. १० मिमी जाडीचा प्लंजर असेल तर ३३४ बारला त्यावर साधारण २६७ किलोचा जोर येतो. हँडलची पकड १५ पट असेल तर हाताला १८ किलो. जमतं. पण एका दाबात पाणी जातं जेमतेम दीड मिली, म्हणजे २६० मिलीला १६०-१७० वेळा हँडल मारायचं. ‘लवकर होईल’ म्हणून ३० मिमीचा प्लंजर घेतला तर हाताला १६० किलो जोर लावावा लागेल. हँडलवर लटकलात तरी खाली जाणार नाही. म्हणून चांगल्या हातपंपात दोन टप्पे असतात: सुरुवातीला जाड प्लंजर, दाब वाढला की बारीक. दिवसाला दोन-चार चाचण्या असतील तर हातपंप पुरतो. पन्नास असतील तर सहाव्या सिलिंडरलाच हात दुखायला लागतात आणि दुखणारा हात शॉर्टकट शोधतो.

*मोटरचा प्लंजर पंप.* सेंटरवर नेहमी दिसतो तो हा. याचा स्वभाव समजून घ्या: प्रत्येक फेरीला ठरलेलं पाणी पुढे ढकलायचं, पुढे दाब कितीही असो. थांबा म्हटल्याशिवाय तो थांबत नाही. एक तर मोटर अडकते, नाहीतर काहीतरी फुटतं. म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह नसलेला प्लंजर पंप चालूच करू नये. विकणारे मोठी मोटर विकायला बघतात, पण ३३४ बारला मिनिटाला अर्धा लिटर ढकलायला शुद्ध हिशोबाने फक्त २८० वॅट लागतात. घर्षण धरून अर्धा ते पाऊण एचपी पुष्कळ झाला. १० लिटरच्या पंपाला साडेपाच किलोवॅटच्या वर लागतील, आणि ते पैसे फक्त चूक मोठी करायला जातील. मोटरचा वेग कमी-जास्त करता येणारा ड्राइव्ह घेतला तर तोच पंप कारलाही चालतो आणि बाईकलाही.

*हवेवर चालणारा पंप.* मला सगळ्यात आवडलेला हा. एका बाजूला मोठा पिस्टन, त्याला कॉम्प्रेसरची हवा. दुसऱ्या बाजूला बारीक प्लंजर, तो पाणी दाबतो. दोघांच्या क्षेत्रफळाचं गुणोत्तर ६० असेल तर ६ बार हवेवर ३६० बार पाणी. गंमत अशी की हवेचा रेग्युलेटर साडेपाच-पावणेसहा बारला लावला तर पंप ३३०-३४० बारच्या आसपास आपोआप थांबतो. शिवाय लक्ष्य जवळ आलं की त्याची टकटक हळू होत जाते. स्टेशन आलं की लोकल हळूहळू थांबते, तसं. धरून ठेवायला वीज लागत नाही. आणि दाब धरून असताना तो मधूनच एक ठोका देत असेल तर समजायचं, कुठेतरी गळती आहे. तोटेही आहेत: कॉम्प्रेसर हवा, हवा कोरडी हवी, आवाज होतो, आणि घर्षणामुळे थांबण्याचा दाब कागदावरच्या गुणाकाराइतका काटेकोर नसतो. म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह इथेही लागतोच.

माझा निष्कर्ष असा: रोज बरेच छोटे सिलिंडर येत असतील आणि कॉम्प्रेसर आधीपासून असेल तर हवेचा पंप. नसेल तर वेग बदलता येणारा अर्धा-पाऊण एचपीचा प्लंजर पंप. क्वचित काम असेल तर दोन टप्प्यांचा हातपंप.

पंपाएवढ्याच महत्त्वाच्या चार गोष्टी

१. पंपाची कमाल मर्यादा. चाचणी ३३४ ला असेल तर ४०० ते ४५० बारचा पंप ठीक. ‘असू दे, भविष्यात कामी येईल’ म्हणून हजार बारचा घेतला तर चुकीच्या हाताला हजार बारची ताकद मिळते. होज पाइप, जोड, व्हॉल्व्ह यांची मर्यादाही पंपापेक्षा कमी नको.

२. दाबाचा काटा. ३३४ वाचायला ४०० चा काटा शेवटाला चिकटतो, २,००० चा काटा जागचा हललेला कळत नाही. ६०० बारचा काटा घेतला तर वाचन मधल्या भागात येतं. आणि तो वेळोवेळी दुसऱ्या प्रमाणित काट्याशी ताडून बघायलाच हवा. तपासणारा काटाच चुकीचा असेल तर पुढचं सगळं वाया.

३. आत अडकलेली हवा. सिलिंडर पूर्ण भरला नाही आणि एक लिटर हवा राहिली, तर ती दाबायला पंपाला आणखी जवळपास एक लिटर पाणी ढकलावं लागतं. २६० मिलीच्या कामाला सव्वा लिटर! वॉटर जॅकेटच्या पद्धतीत सिलिंडरच्या आतल्या हवेने प्रसरणाचा आकडा बिघडत नाही, पण जॅकेटमध्ये बुडबुडे राहिले तर बिघडतो. आणि जिथे पंपाने किती पाणी गेलं यावरून प्रसरण काढतात, तिथे आतल्या हवेने आकड्यांना काही अर्थच राहत नाही.

४. नंतर वाळवणं. चाचणीनंतर पाण्याचा थेंबही आत राहता कामा नये. राहिला तर पुढची तीन वर्षं आतून गंज. घाईत असलेलं सेंटर सगळ्यात आधी हाच वेळ वाचवतं.

घाईचा विषय निघालाच आहे तर सांगतो. सिलिंडर काढणं, गॅस सोडणं, व्हॉल्व्ह उघडणं, तपासणं, भरणं, टेस्ट, वाळवणं, परत बसवणं, या सगळ्यात पंपाचा वाटा अर्ध्या-एक मिनिटाचा. तो दोन सेकंदांवर आणून कोणाचाच वेळ वाचत नाही. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही नव्या पोरांना पहिल्यांदा हेच शिकवतो: जिथे वेळ जातच नाही, तिथे वेग वाढवू नका.

यात आपला काय संबंध?

आहे. कंपनीचा दावा किलोला १०२ किलोमीटरचा. म्हणजे २ किलोत साधारण २०० किलोमीटर. कॉलेजला जाऊन-येऊन रोज ४० किलोमीटर चालवणारा पाच दिवसांनी गॅस भरेल. पण दिवसाला १५० किलोमीटर फिरणारा डिलिव्हरीवाला जवळपास रोज भरेल. प्रत्येक वेळी सिलिंडर थोडा फुगतो, रिकामा होताना थोडा आक्रसतो. तीन वर्षांत एकाचे दोन-सव्वादोनशे फेरे, दुसऱ्याचे हजाराच्या आसपास. चांगला सिलिंडर याहून खूप जास्त फेरे सहन करण्यासाठी बनवलेला असतो, म्हणून घाबरायचं कारण नाही. पण खड्डे, चिखल, कोकणातली खारी हवा हे सगळं धरून तो अजून तसाच आहे ना, हे सांगणारी एकच गोष्ट आपल्या हातात आहे: ही चाचणी. तीच खोटी पास होत असेल तर उरतो फक्त शिक्का.

गेल्या वर्षी बाबांच्या कारचा सिलिंडर टेस्टला दिला होता. सेंटरचं नाव घेत नाही. प्रमाणपत्र आणि पट्टी हातात आली. एकूण प्रसरण किती, कायमचं किती, असं विचारलं तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, “दादा, पास आहे ना? मग?” प्रमाणपत्रावर ते दोन्ही रकाने रिकामे होते. मी आग्रह धरल्यावर आतून एकाने वहीतून आकडे वाचून दाखवले. खरे असतीलही. पण मला ते तपासता येणार नव्हते.

सिलिंडर चाचणी केंद्रांना मान्यता देणारी संस्था पेसो, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना. तिचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. गॅस सिलिंडर नियम २०१६ खाली हे काम चालतं. बाईकचे सिलिंडर यायला लागायच्या आधी दोन गोष्टी व्हाव्यात असं मला वाटतं.

पहिली: लहान सिलिंडर घेणाऱ्या केंद्राने आपला पंप त्या आकाराला योग्य आहे हे दाखवावं. ‘३३४ बार देतो’ एवढं पुरेसं नाही. सर्वात लहान सिलिंडरवर दाब सेकंदाला किती वाढतो, हा आकडा विचारला पाहिजे. सेकंदाला १० बारच्या आसपास असेल तर माणसाच्या हाताला ते सांभाळता येतं.

दुसरी: दाबाचा सेन्सर लावून प्रत्येक चाचणीचा आलेख सिलिंडरच्या नंबरसह साठवावा. सेन्सर आता महाग राहिलेले नाहीत, आणि सेकंदाला दहा नोंदी धरल्या तरी दोन मिनिटांच्या चाचणीची फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एका फोटोपेक्षा लहान होईल. मोजणीआधी दाब वर जाऊन आला असेल तर आलेखात तो उंचवटा लगेच दिसतो, लपवता येत नाही. एमपरिवहन अ‍ॅपवर विमा आणि पीयूसी दिसतं, तसा हा आलेखही दिसायला काय हरकत आहे?

हे होईल तेव्हा होईल. तोपर्यंत सिलिंडर टेस्टला देताना एवढं करा:

- केंद्र पेसो-मान्य आहे का, ते आधी बघा. ‘घरी येऊन दहा मिनिटांत हायड्रोटेस्ट’ असं कोणी म्हणत असेल तर तो फक्त पट्टी बदलणार आहे. सिलिंडर गाडीवरून काढल्याशिवाय ही चाचणी होऊच शकत नाही.
- सिलिंडरवर कोरलेल्या नंबरचा आणि तारखांचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. परत मिळालेला सिलिंडर तोच आहे ना, ते ताडा.
- तीन आकडे विचारा: चाचणीचा दाब, एकूण प्रसरण, कायमचं प्रसरण. प्रमाणपत्रावर लिहून घ्या.
- जमलं तर पंपाजवळ उभं न राहता लांबून काटा बघू द्या म्हणा. काटा झपकन वर जाऊन परत खाली येत असेल तर विचारा, असं का झालं.
- नव्या सिलिंडरवर चाचणीचा महिना आणि पट्टी नीट आहे का, ते घेतानाच बघा.

हे प्रश्न विचारायला इंजिनिअर असावं लागत नाही. मोबाईल घेताना आपण प्रोसेसर, रॅम, बॅटरीचे आकडे तोंडपाठ करून दुकानदाराला भंडावून सोडतो. टेस्टिंग सेंटरवर तीनच आकडे विचारायचे आहेत, आणि ते सीटखाली २०० बार घेऊन फिरणाऱ्याने तर विचारलेच पाहिजेत.